स्वयंप्रतिकारक आजारात दिव्यांगत्व प्रमाणपत्र: अर्जाची तयारी, तपासणी आणि त्यानंतरची कामे

आमवात, ल्युपस, अँकिलॉझिंग स्पॉन्डिलायटिस, मायोसायटिस किंवा मल्टिपल स्क्लेरोसिस असा स्वयंप्रतिकारक, म्हणजे रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटणारा, आजार असलेले रुग्ण दिव्यांगत्वाच्या तपासणीला जातात तेव्हा त्यांच्याजवळ रक्ततपासण्यांची जाडजूड फाइल असते, आणि तरीही अनेकांचा अर्ज नामंजूर होतो किंवा अपेक्षेपेक्षा फारच कमी टक्केवारी हाती पडते. त्यांनी आजार सिद्ध केलेला असतो, पण तपासणी करून टक्केवारी ठरवणारे वैद्यकीय मंडळ आजार मोजत नाही. आजारामुळे शरीराच्या कोणत्या भागाचे कोणते काम कायमचे किंवा दीर्घकाळासाठी किती थांबले, एवढेच मंडळ मोजते. आरए फॅक्टर (आमवाताच्या रक्ततपासणीतील आकडा) कितीही वाढलेला असला तरी त्याला टक्के मिळत नाहीत. सदऱ्याचे बटण लावता येत नसेल, तर त्याला मिळतात.

पुढील सर्व टप्पे याच एका फरकावर उभे आहेत. महाराष्ट्रात राहणाऱ्या प्रौढ रुग्णाला डोळ्यांसमोर ठेवून ते लिहिले आहेत. क्रम बदलू नये, कारण चुकीच्या शीर्षकाखाली किंवा चुकीच्या वेळी केलेला अर्ज पुढे कितीही कष्ट घेतले तरी सहसा सावरता येत नाही.

टप्पा 1: आपला आजार कायद्याच्या कोणत्या शीर्षकाखाली बसतो ते ठरवा

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 च्या अनुसूचीत एकवीस प्रकारची दिव्यांगत्वे आहेत. ‘स्वयंप्रतिकारक आजार’ असे शीर्षक त्यात नाही. नावानिशी आलेला असा आजार म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिस. तो दीर्घकालीन मज्जासंस्था विकारांत येतो. आमवात, ल्युपस, स्क्लेरोडर्मा यांची नावे नाहीत. मात्र म्हणून दार बंद होत नाही. आजाराने जो अवयव निकामी केला, त्या अवयवाच्या शीर्षकाखाली अर्ज करायचा असतो.

सांधे, मणका किंवा स्नायू यांवर परिणाम झाला असेल तर शीर्षक ‘अस्थिव्यंग’, म्हणजेच हालचालीशी संबंधित दिव्यांगत्व. आमवाताने वाकडी झालेली बोटे, स्पॉन्डिलायटिसने ताठ झालेला मणका, मायोसायटिसने दुबळे झालेले मांड्यांचे स्नायू, स्क्लेरोडर्माने आखडलेला पंजा हे सर्व येथे बसते. डोळ्यातील दाहामुळे दृष्टी गेली असेल तर अंधत्व किंवा अल्पदृष्टी हे शीर्षक लागते. पण तेथे चांगल्या डोळ्याची, चष्म्यासह मिळणारी दृष्टी धरली जाते आणि अल्पदृष्टी 6/18 पेक्षा कमी दृष्टीपासून सुरू होते. त्यामुळे एक डोळा पूर्ण गेला आणि दुसरा उत्तम असेल तर टक्केवारी 40 पर्यंत, म्हणजे बहुतेक लाभांसाठी लागणाऱ्या उंबरठ्यापर्यंत, पोहोचत नाही. दीर्घ आजारासोबत नैराश्यासारखा मानसिक आजार जडला असेल आणि त्यावर मानसोपचारतज्ज्ञांकडे उपचार चालू असतील, तर त्याचे स्वतंत्र मूल्यमापन होऊ शकते.

आता एक कटू गोष्ट, जी आधीच माहीत असलेली बरी. ल्युपसमुळे मूत्रपिंड निकामी होणे, फुप्फुसे कडक होणे, हृदयावर परिणाम होणे यांसाठी त्या यादीत शीर्षकच नाही. रक्ताच्या विकारांत थॅलेसेमिया, हिमोफिलिया आणि सिकल सेल एवढेच तीन आहेत. प्लेटलेट कमी करणारा स्वयंप्रतिकारक विकार त्यांत मोडत नाही. टाइप 1 मधुमेह किंवा थायरॉइडचा स्वयंप्रतिकारक आजार केवळ त्या निदानावर बसत नाही. ज्या रुग्णाचे सांधे, डोळे आणि मज्जासंस्था ठीक आहेत पण अंतर्गत अवयव गेले आहेत, त्याच्यावर हा अन्यायच आहे असे माझे स्पष्ट मत आहे. तरीही अर्ज आहे त्या नियमांनुसारच करावा लागतो. अशा रुग्णाने प्रमाणपत्रामागे महिने घालवण्यापेक्षा महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेसारख्या उपचार खर्चाच्या योजनांचा मार्ग आधी पाहावा.

*पडताळणी:* माझ्या शरीराचा कोणता भाग कोणते काम करू शकत नाही, हे आजाराचे नाव न घेता एका वाक्यात सांगता येते का? येत नसेल तर पुढचा टप्पा सुरू करू नये.

टप्पा 2: अर्जाची वेळ निवडा

निदान झाल्या-झाल्या अर्ज करणे ही सर्वांत मोठी घाई. उपचार सुरू व्हायचे असतात, औषधांनी किती सुधारणा होईल हे कोणालाच ठाऊक नसते, आणि तपासणारे डॉक्टर साहजिकच ‘उपचार पूर्ण करून या’ असे सांगतात. त्याच्या उलट चूक म्हणजे आजार उसळलेला असताना, सुजलेल्या सांध्यांनिशी जाणे. त्या दिवशीची सूज तात्पुरती असल्याचे डॉक्टरांना दिसते आणि ते ती टक्केवारीत धरत नाहीत.

योग्य वेळ म्हणजे तज्ज्ञांकडे नियमित उपचार होऊन काही महिने उलटलेले, औषधे स्थिरावलेली, आणि तरीही जी मर्यादा उरली आहे ती आता फारशी हटणार नाही असे उपचार करणारे डॉक्टर लिहून देऊ शकतील ती वेळ. मल्टिपल स्क्लेरोसिससारख्या आजारात झटका येऊन गेल्यावर शरीर किती सावरते ते पाहण्यासाठी थांबावेच लागते. सांधा बदलण्याची शस्त्रक्रिया ठरलेली असेल तर ती होऊन पुनर्वसन संपल्यावर जावे, कारण शस्त्रक्रियेआधीची मोजमापे तिच्यानंतर निरुपयोगी ठरतात.

टप्पा 3: मोजमापांची फाइल तयार करा

सर्वाधिक वेळ या टप्प्याला द्यावा, कारण निकाल येथेच ठरतो.

बहुतेक सरकारी रुग्णालयांत अस्थिव्यंगाची तपासणी अस्थिरोगतज्ज्ञ करतात. आपल्यावर वर्षानुवर्षे उपचार करणारे संधिवाततज्ज्ञ तेथे नसतात. समोरच्या डॉक्टरांना आपला इतिहास माहीत नसतो, आणि रांग मोठी असल्याने वेळ थोडा असतो. त्यामुळे फाइल अशी हवी की आपल्याला कधीही न पाहिलेल्या माणसाला ती थोडक्या वेळात वाचून कळेल.

*काय मोजले जाते ते आधी समजून घ्या.* मूल्यमापनाची मार्गदर्शक तत्त्वे केंद्र सरकारने जानेवारी 2018 मध्ये राजपत्रात प्रसिद्ध केली आणि मार्च 2024 मध्ये त्यांची सुधारित आवृत्ती आली. हाताच्या तपासणीत बाहू आणि पंजा यांचा वेगवेगळा विचार होतो. बाहूसाठी सांध्यांची हालचाल किती अंशांत होते, स्नायूंची ताकद किती आहे आणि रोजच्या समन्वित कृती जमतात का, हे पाहतात. या कृती आपल्या घरातल्याच आहेत: डोक्यावरची वस्तू उचलणे, हाताने घास घेणे, केस विंचरणे व वेणी घालणे, सदरा अंगात घालणे, शौचानंतर स्वच्छता करणे, पाण्याचा पेला तोंडाला लावणे, बटण लावणे, नाडी बांधणे, लिहिणे. पंजासाठी पकड तपासतात: अंगठा प्रत्येक बोटाला टेकतो का, किल्ली धरता येते का, पेला किंवा चेंडू पकडता येतो का, पिशवी उचलून धरता येते का. शिवाय संवेदना आणि ताकदही पाहतात.

पायांच्या बाबतीत हालचाल व ताकद यांच्याबरोबर स्थैर्य मोजले जाते. सपाट जागी चालणे, उतारावर चालणे, जिना चढणे, दोन्ही पायांवर उभे राहणे, दुखऱ्या एका पायावर उभे राहणे, उकिडवे बसणे, मांडी घालणे, गुडघे टेकणे, वळणे. वेदना, वाकडेपणा आणि आखडलेपणा यांसाठी काही जादा गुण असतात, पण ते मर्यादित असतात. मुख्य टक्केवारी हालचाल आणि ताकद यांतूनच येते. थकव्याला यात स्वतंत्र रकाना नाही, म्हणून ‘फार थकवा येतो’ हे वाक्य पानभर लिहिले तरी उपयोग होत नाही. त्या थकव्याने वरीलपैकी कोणती कृती बंद पडली ते लिहिल्यास होतो.

*उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून अहवाल घ्या.* हा अहवाल मागताना रुग्ण नुसते ‘दिव्यांगत्वासाठी लिहून द्या’ म्हणतात आणि डॉक्टर घाईत दोन ओळी खरडतात. असा अहवाल पुढीलप्रमाणे असतो:

‘सदर रुग्णास आठ वर्षांपासून आमवात असून त्यांना दैनंदिन कामात त्रास होतो. योग्य ती मदत व्हावी.’

यातून एकही टक्का काढता येत नाही. त्याऐवजी अहवाल असा हवा:

‘आठ वर्षांपासून आमवात. दोन वर्षांपासून औषधे स्थिर, तरी पुढील मर्यादा कायम. उजवा हात प्रमुख. उजवे मनगट खाली 20 अंश, वर 10 अंश वाकते. उजव्या पंजाची मूठ पूर्ण मिटत नाही, बोटांची टोके तळव्यापासून तीन सेंटिमीटर दूर राहतात. अंगठा करंगळीला टेकत नाही. पकडीची ताकद पाचपैकी तीन. बटण लावणे, नाडी बांधणे व पेला एका हाताने उचलणे जमत नाही. क्ष-किरण चित्रात मनगटाच्या सांध्यातील अंतर संपलेले व हाडांची झीज. यापुढे लक्षणीय सुधारणेची शक्यता कमी.’

दुसऱ्या अहवालातील प्रत्येक ओळ तपासणाऱ्या डॉक्टरांना स्वतः पडताळून पाहता येते, आणि त्याचे बळ नेमके यातच आहे. संधिवाततज्ज्ञांना इतका वेळ नसल्यास भौतिकोपचारतज्ज्ञांकडून सांध्यांचे अंश आणि स्नायूंची ताकद मोजून घ्यावी. त्यांच्याकडे कोनमापक असतो आणि हे त्यांचे रोजचे काम असते. तो तक्ता डॉक्टरांना दाखवून त्यावर त्यांची सही, शिक्का, नोंदणी क्रमांक आणि तारीख घ्यावी. स्पॉन्डिलायटिसच्या रुग्णाने मणका पुढे किती वाकतो, श्वास घेताना छाती किती सेंटिमीटर फुलते आणि भिंतीला पाठ लावून उभे राहिल्यावर डोके भिंतीपासून किती दूर राहते, ही मापे जरूर घ्यावीत.

*फाइलचा क्रम.* सर्वांत वर एक पानाचा सारांश, त्याखाली वरील अहवाल, मग क्ष-किरण व एमआरआयचे लेखी अहवाल, मग निदान पक्के करणाऱ्या मोजक्या रक्ततपासण्या, शेवटी डिस्चार्ज कार्डे व केस पेपर तारखेच्या क्रमाने. क्ष-किरणांच्या फिल्मही सोबत ठेवाव्यात, नुसता कागद पुरत नाही. अहवाल आणि मोजमापे शक्यतो अलीकडची असावीत; तीन वर्षांपूर्वीचे मोजमाप आजच्या स्थितीचा पुरावा ठरत नाही, मात्र आजच्या मोजमापाशेजारी ते ठेवल्यास मर्यादा किती काळ टिकून आहे हे दाखवते.

सकाळचा ताठरपणा ही या आजारांची खास अडचण आहे. तपासणी दुपारी बाराला होते, तोवर सांधे मोकळे झालेले असतात, आणि सकाळी दोन तास अंथरुणातून न उठू शकणारा माणूस त्या खोलीत चालत शिरतो. यासाठी दोन-तीन महिने रोज एका वहीत तीन गोष्टी लिहाव्यात: सकाळी ताठरपणा किती वेळ राहिला, वर दिलेल्या कृतींपैकी कोणत्या जमल्या नाहीत, आणि कोणाची मदत घ्यावी लागली. वही मंडळाला वाचायला द्यायची नसते. ती उपचार करणाऱ्या डॉक्टरांना दाखवून तिच्यातला सार त्यांच्या अहवालात उतरवून घ्यायचा असतो, कारण रुग्णाच्या स्वतःच्या नोंदीपेक्षा डॉक्टरांच्या सहीच्या ओळीला वजन असते.

*इशारा:* मर्यादा वाढवून सांगू नये. फसवणुकीने लाभ घेतल्यास अधिनियमाच्या कलम 91 नुसार दोन वर्षांपर्यंत कारावास, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. शिवाय अनुभवी डॉक्टरांना ओढूनताणून केलेला लंगडेपणा लगेच कळतो, आणि मग खऱ्या मर्यादेवरही त्यांचा विश्वास राहत नाही.

टप्पा 4: पोर्टलवर अर्ज भरा

अर्ज स्वावलंबन कार्डाच्या म्हणजे यूडीआयडीच्या (दिव्यांगांच्या देशव्यापी ओळखपत्राच्या) केंद्रीय पोर्टलवर करायचा असतो. स्वतः भरता येत नसल्यास आपले सरकार सेवा केंद्रातून भरून घ्यावा, पण माहिती आपल्यासमोर भरून घ्यावी आणि पुढे पाठवण्याआधी पडद्यावर वाचून पाहावी.

आधार, अलीकडचे छायाचित्र, सही किंवा अंगठ्याचा ठसा, पत्त्याचा पुरावा आणि वैद्यकीय कागद लागतात. नाव आधारावर जसे आहे अक्षरशः तसेच लिहावे. लग्नानंतर नाव बदललेल्या अनेक महिलांचे अर्ज येथे अडतात, कारण केस पेपरवर माहेरचे नाव आणि आधारावर सासरचे असते. अशा वेळी विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा राजपत्रातील नावबदल फाइलमध्ये ठेवावा.

दिव्यांगत्वाचा प्रकार निवडताना पहिल्या टप्प्यात ठरवलेले शीर्षकच निवडावे. येथे आजाराच्या नावाचा शोध घेत ‘दीर्घकालीन मज्जासंस्था विकार’ असा पर्याय आमवाताच्या रुग्णाकडून निवडला जातो, मग टोकन मेंदूविकारतज्ज्ञांकडे लागते आणि फेरी वाया जाते. दोन अवयवांवर वेगवेगळा परिणाम असेल, उदाहरणार्थ सांधे आणि डोळे, तर दोन्ही प्रकार नोंदवावेत.

रुग्णालयही विचारपूर्वक निवडावे. अर्ज राहत्या जिल्ह्यातील सक्षम रुग्णालयाकडे करता येतो, तसेच ज्या सरकारी रुग्णालयात या आजारावर उपचार झाले आहेत तेथेही करता येतो. मल्टिपल स्क्लेरोसिसच्या रुग्णाने आपल्या सिव्हिल हॉस्पिटलमध्ये मेंदूविकारतज्ज्ञ आहेत का हे आधी विचारावे. नसल्यास सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय निवडणे सोयीचे ठरते.

*पडताळणी:* अर्ज क्रमांक लिहून ठेवला का? दिलेला मोबाइल आपल्याच हातात असतो का? तपासणीची तारीख त्यावरच येते. दोन वर्षांहून अधिक काळ प्रलंबित राहिलेला अर्ज 2024 च्या सुधारित नियमांनुसार निष्क्रिय होतो, म्हणून बोलावणे आल्यावर टाळाटाळ करू नये.

टप्पा 5: तपासणीचा दिवस

मंडळ अनेक ठिकाणी आठवड्यातील ठरावीक वारीच बसते. वार, वेळ आणि खोली आदल्या दिवशी विचारून घ्यावी.

औषधे नेहमीप्रमाणे घ्यावीत. ‘त्या दिवशी गोळ्या घेऊ नका म्हणजे त्रास दिसेल’ असा सल्ला रांगेत सर्रास ऐकू येतो. तो चुकीचा आणि धोक्याचा आहे: स्टेरॉइड अचानक बंद केल्यास रक्तदाब कोसळून जिवावर बेतू शकते, आणि इतर औषधे सोडल्याने आजार पुन्हा उसळतो. मंडळाला उपचार चालू असतानाची स्थितीच पाहायची असते.

काठी, पट्टा, मनगटाचा आधार, विशेष बूट यांपैकी जे रोज वापरता ते वापरूनच जावे. जे वापरत नाही ते त्या दिवसापुरते उसने आणू नये. कपडे असे असावेत की खांदा, कोपर, गुडघा सहज उघडे करता येतील. सोबत रोज मदत करणारी घरातील व्यक्ती असावी, मात्र प्रश्नांची उत्तरे रुग्णानेच द्यावीत.

डॉक्टरांनी ‘काय त्रास आहे?’ विचारले की रुग्ण निदानापासून सुरुवात करून औषधांच्या दुष्परिणामांपर्यंत पोहोचतो, आणि तपासणी संपते तरी हात दाखवायचा राहून जातो. उत्तर कृतीने सुरू करावे. ‘उजव्या हाताची मूठ मिटत नाही, त्यामुळे पेला धरता येत नाही, डाव्या गुडघ्यामुळे उकिडवे बसता येत नाही.’ मग सारांशाचे पान पुढे ठेवावे. प्रमुख हात कोणता ते न विचारताही सांगावे, कारण त्याला थोडे अधिक गुण असतात. एखादी कृती कष्टाने एकदा जमते पण पुन्हा जमत नाही, अशी स्थिती असेल तर ती तशीच सांगावी. आपल्याकडे मोठ्यांसमोर ‘जमतं हो थोडंफार’ म्हणण्याची सवय असते, विशेषतः घर सांभाळणाऱ्या स्त्रियांना. या खोलीत ती सवय फार महागात पडते.

टप्पा 6: प्रमाणपत्र मिळताच तेथेच वाचा

दोन हातांची किंवा हात आणि पाय यांची टक्केवारी साधी बेरीज करून काढली जात नाही. मोठी संख्या ‘अ’ आणि लहान संख्या ‘ब’ मानल्यास सूत्र आहे: अ + ब × (90 − अ) ÷ 90. एका हाताला 27 आणि दुसऱ्याला 15 टक्के आले तर बेरीज 42 होते, पण सूत्राने 37.5 येतात आणि 40 चा उंबरठा हुकतो. हे ठाऊक नसल्याने अनेकांना आपली फसवणूक झाली असे वाटते. मात्र एखादा बाधित सांधा तपासायचाच राहिला असेल, तर तो फरक निर्णायक असतो.

प्रमाणपत्रावर चार गोष्टी पाहाव्यात. नाव व जन्मतारीख बरोबर आहे का. दिव्यांगत्वाचा प्रकार तोच आहे का. टक्केवारी शरीराच्या कोणत्या भागाच्या संदर्भात लिहिली आहे. आणि ते कायमस्वरूपी आहे की तात्पुरते. स्थितीत बदलाची शक्यता असेल तर मुदतीचे प्रमाणपत्र देण्याची नियमांत तरतूद आहे आणि या आजारांत ते वरचेवर दिले जाते. त्यात अपमान मानण्यासारखे काही नाही, पण मुदतीची तारीख मात्र लक्षात राहिलीच पाहिजे.

ओळखपत्राच्या रंगावरूनही स्थिती कळते: 40 टक्क्यांखाली पांढरा, 40 ते 80 च्या आत पिवळा, 80 व त्यावर निळा. प्रमाणपत्र देशभर ग्राह्य असते.

टप्पा 7: प्रत्येक लाभासाठी स्वतंत्र अर्ज करा

कार्ड आले म्हणजे पैसे आपोआप सुरू होतात, हा समज फार पसरलेला आहे. प्रमाणपत्र हा फक्त पुरावा आहे; प्रत्येक लाभाचे दार वेगळे आणि अटही वेगळी असते.

संजय गांधी निराधार अनुदान योजनेसाठी तहसील कार्यालयात अर्ज करावा लागतो. किमान 40 टक्के दिव्यांगत्व लागते, आणि दिव्यांगांसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा 50,000 रुपये आहे. 2025 मध्ये दिव्यांग लाभार्थ्यांचे दरमहा अनुदान 1,500 वरून 2,500 रुपये करण्यात आले. रक्कम आधारशी जोडलेल्या बँक खात्यात जमा होते, त्यामुळे खाते जोडलेले नसेल तर मंजुरीनंतरही पैसे येत नाहीत. केंद्राच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय दिव्यांग निवृत्तिवेतनाला मात्र 80 टक्के आणि दारिद्र्यरेषेखालील कुटुंब अशी अट आहे.

आयकरात जुनी करपद्धत निवडणाऱ्याला 40 टक्क्यांपासून 75,000 आणि 80 टक्क्यांपासून 1,25,000 रुपयांची वजावट मिळते. नवी करपद्धत निवडली तर ती मिळत नाही, म्हणून दोन्हींचा हिशेब मांडूनच निवड करावी.

सरकारी नोकरीतील 4 टक्के आरक्षणात एक खाच आहे. अधिनियमाच्या कलम 34 मध्ये अंधत्व, श्रवणदोष, अस्थिव्यंग अशा गटांची नावे आहेत, पण मल्टिपल स्क्लेरोसिसचे नाव नाही. त्यामुळे या आजाराने पायांत दुर्बलता आली असेल तर तिचे अस्थिव्यंग म्हणूनही मूल्यमापन व्हावे, अशी विनंती तपासणीच्या वेळीच करावी. उच्च शिक्षणातील 5 टक्के जागांना ही अडचण येत नाही. तेथे 40 टक्के असलेले सर्व प्रकार धरले जातात.

रेल्वे सवलतीसाठी वेगळा नमुना आणि वेगळे ओळखपत्र असते, आणि अस्थिव्यंगाच्या गटात ती सोबतीशिवाय प्रवास करू न शकणाऱ्यांनाच मिळते. निरामय आरोग्य विमा आमवात किंवा ल्युपसच्या रुग्णांसाठी नाही. तो स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुदिव्यांगत्व यांच्यासाठी आहे. तेथे अर्ज करून वेळ दवडू नये.

40 टक्क्यांखाली आलेल्यांनीही कागद कपाटात ठेवून देऊ नये. सरकारी सेवेत असताना दिव्यांगत्व आल्यास कलम 20 नुसार त्या कर्मचाऱ्याला सेवेतून काढता येत नाही किंवा पदावनत करता येत नाही. तो त्या पदाचे काम करू शकत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसऱ्या पदावर नेण्याची तरतूद आहे, आणि तेथे 40 टक्क्यांची अट लिहिलेली नाही. परीक्षेत लेखनिक मिळण्यासाठीही 40 टक्के असलेच पाहिजेत असे नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये स्पष्ट केले आहे. हाताचे सांधे गेलेल्या विद्यार्थ्यांसाठी हे फार मोलाचे आहे. मात्र लिहिण्यात अडचण असल्याचे वैद्यकीय प्रमाणपत्र परीक्षेच्या अर्जासोबतच द्यावे. आयत्या वेळी मागितलेला लेखनिक बहुधा मिळत नाही.

टप्पा 8: नकार, कमी टक्केवारी आणि नूतनीकरण

अर्ज नामंजूर झाल्यास कारणे लेखी मिळण्याचा आपला हक्क आहे. तोंडी ‘बसत नाही’ ऐकून परत फिरू नये, कारण लेखी निर्णयाशिवाय अपील उभे राहत नाही. अपील कलम 59 खाली राज्याने नेमलेल्या प्राधिकाऱ्याकडे, निर्णयाच्या तारखेपासून 90 दिवसांत करावे लागते. कोणाकडे करायचे ते प्रमाणपत्र देणाऱ्या रुग्णालयातूनच लिहून घ्यावे.

अपिलात आजाराची कहाणी पुन्हा सांगू नये. कोणता सांधा किंवा कोणती कृती तपासली गेली नाही, किंवा नोंदवलेले माप आपल्या डॉक्टरांच्या मापापेक्षा कुठे वेगळे आहे, एवढेच मुद्देसूद लिहावे आणि प्रत्येक मुद्द्यापुढे फाइलमधील पानाचा क्रमांक द्यावा. ‘मंडळाने डाव्या मनगटाची हालचाल नोंदवलेली नाही, पान 3 वर ती 15 अंश मोजलेली आहे’ या एका ओळीत जे बळ आहे ते चार पानी विनंतीपत्रात नसते. जुन्या अहवालात मोजमापेच नसतील तर आधी ती करून घ्यावीत, आणि अपील 90 दिवसांच्या आतच दाखल होईल असे दिवस मोजून ठेवावेत.

मुदतीच्या प्रमाणपत्राचे नूतनीकरण मुदत संपण्याच्या तीन-चार महिने आधी सुरू करावे, कारण नियमांनुसार प्रमाणपत्रासाठी तीन महिन्यांपर्यंत वेळ लागू शकतो आणि मध्ये खंड पडला तर त्यावर अवलंबून असलेले अनुदानही थांबू शकते. त्या वेळी मागच्या तपासणीची मोजमापे आणि नवी मोजमापे एकाच तक्त्यात शेजारी-शेजारी मांडावीत. त्यासाठी मधल्या काळात दर सहा महिन्यांनी भौतिकोपचारतज्ज्ञांकडून अंश व ताकद मोजून घ्यावी आणि तो कागद तारखेसह त्याच फाइलमध्ये लावावा.